रानात रमणाऱ्या मुलाने दहावीनंतर काय करावं?

प्रश्न : माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. सहाव्या वर्षी त्याला ऑटिझम असल्याचं निदान झालं. यंदा तो दहावी पास झाला. आम्ही गोव्यात सत्तरी तालुक्यात राहतो, घरचं कुळागर (सुपारी-मसाल्यांची बाग) आहे. मिक्सर, स्कूटरचा हॉर्न, लग्नाचा हॉल यांपैकी काहीच त्याला सहन होत नाही. दिवाळीआधी नरकासुर जाळतात त्या गोंगाटाच्या रात्री तो कपाटाशेजारी उशी कानावर दाबून बसतो. कुळागरात ओहोळाकाठी मात्र तासन् तास शांत असतो. परवा सर्पगरुड ओरडला म्हणून मी वर बघितलं, तर म्हणाला, "गरुड नव्हे, भृंगराज त्याची नक्कल करतोय." आणि तसंच निघालं. पण त्याच दिवशी पायाला जळू लागून रक्त वाहत होतं, ते त्याला घरी येईपर्यंत कळलं नाही. वडील म्हणतात आयटीआयला घाला, त्याचे मामा म्हणतात वनखात्यात चिकटवा. हे रानाचं वेड पोटापाण्याला लागेल का? आमच्यानंतर त्याचं काय?
– एक आई, वाळपई

उत्तर :

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातली भृंगराजाची गोष्ट मी दोनदा वाचली. भृंगराज इतर पक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढतो, शिकारी पक्ष्यांचेसुद्धा. अस्सल आणि नक्कल यांतला फरक ओळखणं वर्षानुवर्षं रानात फिरणाऱ्यांनाही पटकन जमत नाही. तुमचा मुलगा ते करतो. त्याला वेड म्हणू नका, त्याचं नीट ऐकणं आहे ते.

पण ही शक्ती आणि हा त्रास वेगळे नाहीत. ज्या कानांना गरुड आणि भृंगराज वेगळे कळतात, त्याच कानांना मिक्सर सोसत नाही. ऑटिझममध्ये इंद्रियांची संवेदना कमी-जास्त असणं हे आता निदानाच्या निकषांतच धरलं जातं; अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या नियमावलीपासून ते लिहिलेलं आहे. त्यात 'जास्त' आणि 'कमी' दोन्ही येतं, आणि एकाच मुलात दोन्ही असू शकतं. आवाज फार जाणवतो, जळू जाणवत नाही. काहींना तहान, भूक, ऊनही उशिरा कळतं. म्हणून रानात जाताना पाणी पिण्याच्या वेळा ठरवून द्या, घरी आल्यावर पाय तपासायची सवय लावा, गळ्यात शिट्टी असू द्या आणि कुठल्या वाटेने जाणार ते सांगून जायचा नियम करा. त्याला 'जाणवलं तर सांग' म्हणून चालणार नाही. घड्याळ बघून करायला सांगा.

आता मुख्य मुद्दा. त्याला रानात बरं वाटतं ते रान शांत असतं म्हणून नव्हे. मे महिन्यात सत्तरीतले रानकिडे किती ओरडतात आणि आषाढात ओहोळ किती गर्जतो, हे तुम्हाला माहीत आहे. तरी तो तिथे बसतो. त्याला त्रास होतो तो अचानक आदळणाऱ्या, आपल्याला थांबवता न येणाऱ्या आवाजाचा, आणि त्याच वेळी कुणीतरी 'बोल ना, उत्तर दे' म्हणण्याचा. ओहोळ त्याच्याकडून काही मागत नाही. म्हणून करिअर निवडताना 'निसर्गाशी संबंधित काम' एवढंच बघू नका. त्या कामाचा दिवस तासातासाने कसा जातो ते बघा.

मामांच्या सल्ल्याला हीच कसोटी लावा. वनरक्षकाचं काम जंगलात असलं तरी त्यात शारीरिक चाचणी आहे, गस्त आहे, लोकांशी वाद आहेत, बदली आहे. रविवारी बोंडला अभयारण्यात सहलींच्या बसगाड्या लागतात किंवा मोसमात दूधसागर धबधब्याला जीपगाड्यांची रांग लागते, तेव्हा तिथे उभ्या असलेल्या माणसाला जंगल ऐकू तरी येतं का? वडिलांची आयटीआयची सूचनाही मी वाईट म्हणणार नाही, कारण हातात कसब असावं ही त्यामागची काळजी खरी आहे. पण वर्कशॉपमध्ये दिवसभर ग्राइंडर चालतो. त्याने तिथे एक दिवस घालवून बघावा आणि त्यानेच सांगावं.

मग काय? मला तीन वाटा दिसतात, आणि त्यांतली पहिली तुमच्या दारातच आहे.

कुळागर. सुपारीखालची मिरी, जायफळ, भिरंड (कोकम), पाटाचं पाणी हे सगळं त्याला ओळखीचं आहे. त्यातलं रोपवाटिकेचं काम, म्हणजे कलमं बांधणं, रोपांच्या नोंदी ठेवणं, जायफळातल्या नर-मादी झाडांचा हिशेब, हे बारकाईचं आणि ठरावीक क्रमाचं काम आहे. जायफळाच्या रोपाला फुलं येईपर्यंत नर की मादी ते कळत नाही, म्हणून चांगल्या मादी झाडाच्या कलमाला किंमत असते. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत मसाल्यांच्या आणि फळांच्या पिकांवर काम चालतं. तिथे कलमाचं प्रशिक्षण कधी असतं ते विचारा आणि गर्दी नसलेल्या दिवशी त्याला आधी जागा दाखवून आणा. गिऱ्हाइकांशी बोलणं मात्र दुसऱ्या कुणीतरी सांभाळावं. त्यात कमीपणा नाही. बऱ्याच धंद्यांत माल करणारा आणि विकणारा वेगळेच असतात.

दुसरी वाट आवाजांची. हल्ली वन्यजीव अभ्यासात झाडांना रेकॉर्डर बांधून ठेवतात. ते दिवसरात्र आवाज टिपतात, मग संगणक अंदाज सांगतो की हा अमुक पक्षी, हा अमुक बेडूक. तो अंदाज तपासायला जाणता कान लागतो. हेडफोन लावून, एकट्याने, आवाज हवा तेवढा कमी-जास्त करून करायचं हे काम आहे. भृंगराजासारखा नकलाकार यंत्रालाही चकवू शकतो, हे मुलाला सांगा, त्याला आवडेल. पण तुम्हाला स्पष्ट सांगते, यातली बरीच कामं प्रकल्पापुरती असतात. प्रकल्प संपला की पगार थांबतो. म्हणून हे कुळागराच्या जोडीला धरा. सुरुवात आजच होऊ शकते. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर त्याने रोज नोंदी टाकाव्यात: तारीख, वेळ, जागा, पक्षी, शक्य असेल तर आवाजाचं रेकॉर्डिंग. दोन वर्षांच्या सलग नोंदी असतील तर कुठल्याही संशोधकासमोर मुलाखतीत अडखळणाऱ्या मुलाची बाजू त्या नोंदीच मांडतील.

तिसरी वाट पदवीची: वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र किंवा कृषी. त्यासाठी अकरावीला जीवशास्त्रासह विज्ञान शाखा घ्यावी लागेल. साखळीच्या सरकारी महाविद्यालयात विज्ञान शाखा आहे. तिथे पुढे कोणते विषय मिळतात ते आताच विचारून ठेवा. कृषी पदवीसाठी केपे तालुक्यात सुळकर्णे येथे डॉन बॉस्को कृषी महाविद्यालय आहे, पण वाळपईहून रोजचं जाणं-येणं अवघड, म्हणजे हॉस्टेल आलं. माझ्या अनुभवात अशी मुलं अभ्यासाने थकण्याआधी हॉस्टेलच्या मेसमधल्या ताटांच्या खणखणाटाने आणि रात्रीच्या गोंगाटाने थकतात. त्यामुळे घरातून जाता येईल असं जरा कमी नावाजलेलं कॉलेज मी आधी धरेन. हायर सेकंडरीचा वर्ग त्याला अजिबात झेपला नाही, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून बारावी करता येते, विषय थोडे थोडे करून.

प्रवेशाच्या वेळी प्राचार्यांना एका पानाचं पत्र द्या. त्यात निदानाचा इतिहास नको, गरजा लिहा: पंख्याखाली नव्हे तर भिंतीलगत जागा, घंटेच्या पाच मिनिटं आधी वर्गाबाहेर पडायची मुभा, तोंडी प्रश्नाला लेखी उत्तर चालावं, परीक्षेला जादा वेळ. कानावर लावायचे इअरमफ बॅगेत असू देत, पण गरजेपुरते. दिवसभर कान झाकून राहिले तर साधे आवाजही पुढे जास्त बोचायला लागतात.

कागदपत्रांचं आता लांबवू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर सरकारी आणि अनुदानित उच्चशिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागांच्या आरक्षणाचा लाभ मिळतो. सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण आहे. त्यातला १ टक्का ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुदिव्यांगत्व या सगळ्यांना मिळून आहे. आरक्षण प्रत्येक पदाला लागू असतंच असं नाही, म्हणून जाहिरात बारकाईने वाचा. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढलं नसेल तर त्या कामाला या महिन्यातच लागा.

"आमच्यानंतर काय?" हा प्रश्न तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिलात, पण सगळं पत्र त्यासाठीच होतं असं मला वाटलं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालकत्वाची, म्हणजे त्याच्या वतीने निर्णय घेणाऱ्या माणसाची, व्यवस्था करता येते आणि निरामय ही १ लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. विमा घ्या. पालकत्वाची मात्र घाई करू नका. तुमचा मुलगा दहावी पास झालाय. पैसे मोजणं, बँकेत जाणं, दवाखान्यात एकट्याने दुखणं सांगणं हे त्याला आधी शिकू द्या आणि त्यानंतर कुठे मदत लागते ते बघा. दवाखान्यासाठी एक कार्ड लिहून खिशात ठेवायला द्या: "मला दुखणं उशिरा कळतं." आणि कुळागराच्या कागदांवर त्याचं नाव कसं येईल, याबद्दल त्याच्या वडिलांशी आणि एखाद्या चांगल्या वकिलाशी आत्ताच बोला. जमीन घरात असताना हा विषय वीस वर्षांनी भावंडांवर सोडणं मला बरं वाटत नाही.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही. त्याला काय हवंय, हे तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. समोर बसवून विचारलंत तर तो कदाचित गप्प बसेल, म्हणून कागदावर तीन कामं लिहून द्या आणि प्रत्येकापुढे 'हो', 'नाही', 'बघून सांगतो' अशी खूण करायला सांगा. ओहोळाकाठी न्यावा वाटला तर तो कागद तिथे नेऊ द्या. भरलेला कागद मला पाठवा, मग अकरावीचा फॉर्म भरायच्या आधी आपण फोनवर बोलू.