शाळेनं दप्तर तपासलं, आता पुढे काय?

शाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की पालकांचा एक प्रश्न हमखास येतो. ‘मॅडम, शाळेत पोरांची दप्तरं तपासतात, मोबाईल उघडून बघतात. असं चालतं का? आणि आपण बोललो तर पोरावर डूख धरतील का?’ मूल मात्र बहुतेक वेळा तिसऱ्याच कारणानं घरी बसलेलं असतं आणि ते कारण त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

सोलापुरातल्या एका अनुदानित शाळेतली आठवीची मुलगी. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वर्गात सहलीचे पाचशे रुपये गेले. बाईंनी सगळ्यांना दप्तरं बाकावर रिकामी करायला लावली. पैसे कुणाकडेच निघाले नाहीत, हिच्या दप्तरात मात्र मोबाईल निघाला. शाळेत मोबाईलला बंदी. बाईंनी तो घेतला, तिला पॅटर्न काढायला लावला आणि मैत्रिणीशी झालेल्या चॅटमधली चार वाक्यं वर्गाला वाचून दाखवली. दुसऱ्या दिवसापासून सकाळी पोट दुखायला लागलं. डॉक्टरांना काही सापडेना. आमच्याकडे समुपदेशनाला आली तेव्हा दप्तर मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेलं. चेन सरकू नये म्हणून तिला सेफ्टी पिन लावलेली.

वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात. त्यांचा निकाल आधीच लागलेला होता. “चूक हिचीच आहे की. मोबाईल नेला कशाला? आमची बी रोज गेटवर झडती होते. आम्ही काय घरी बसतो का?”

इथे कायदा सांगत बसलं असतं तर वाद झाला असता. म्हणून विचारलं, “गेटवर काय काय बघतात?”

“पिशवी. डबा उघडून दाखवायचा. खिसे चाचपतात.”

“आणि मोबाईल?”

“मोबाईलला कोण हात लावतंय! त्यांना टॉवेल पायजे. मोबाईलमध्ये टॉवेल मावतोय का?”

स्वतःच्याच बोलण्यावर ते हसले. तेवढ्यात मुलगी पहिल्यांदा मान वर करून म्हणाली, “पप्पा, माझ्या मोबाईलमध्ये पण पाचशे रुपये मावत नव्हते.”

त्यानंतर बराच वेळ कुणी बोललं नाही. अशा वेळी मध्ये न बोलणं हे आमच्या कामातलं अवघड कसब, आणि ते जमलं की अर्धं काम तिथंच होतं. वडिलांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, “काय वाचलं गं बाईंनी?” इतक्या दिवसांत हे तिला कुणीच विचारलं नव्हतं. घरात चर्चा होती ती मोबाईल का नेला याची.

प्रसंगापेक्षा त्याचा आपण लावलेला अर्थ माणसाला जास्त छळतो, असं मानणाऱ्यांपैकी मी. हिनं अर्थ लावला होता: ‘सगळ्यांनी मला आतून बघितलं, आता मला तोंड नाही.’ मोबाईल नेल्याची चूक ती केव्हाच कबूल करत होती. तिला हवं होतं ते एवढंच, की चूक तिची आणि चॅट वाचणं बाईंचं, हे दोन हिशेब कुणीतरी वेगळे मांडावेत.

कायदाही हेच करतो. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं खासगीपणा हा घटनेच्या कलम 21 मधला मूलभूत हक्क ठरवला. तो मुलांनाही आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई आहे. मात्र दप्तर कसं तपासावं हे कलमवार सांगणारा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. अमेरिकेतल्या सरकारी शाळांबाबत तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं 1985 मध्ये दोन प्रश्न घालून दिले: संशयाला कारण होतं का, आणि झडती त्या कारणापुरतीच राहिली का? 2009 मध्ये तिथंच एका तेरा वर्षांच्या मुलीचं प्रकरण आलं. वेदनाशामक गोळ्यांच्या संशयावरून तिची बॅग तपासली, त्याला न्यायालयानं हरकत घेतली नाही. अंतर्वस्त्रांपर्यंत गेलेली झडती बेकायदा ठरवली. तो निकाल आपल्याला लागू नाही, पण मुख्याध्यापकांपुढे बसून विचारायला ते दोन प्रश्न फार कामाचे आहेत. आपल्याकडे पोलिसांनासुद्धा स्त्रीची झडती स्त्रीकडूनच आणि सभ्यता राखूनच घ्यावी लागते. शिक्षकांना त्याहून जास्त अधिकार कुठून येणार?

आता करायचं काय? त्याच रात्री मुलाच्याच शब्दांत लिहून ठेवा: तारीख, तास कितवा, कोण हजर होतं, काय उघडलं, कोण काय म्हणालं. आठवड्यानं तपशील पुसट होतात आणि मग शाळा म्हणते, असं काही झालंच नाही. प्रवेशाच्या वेळी सही केलेले नियम काढून मोबाईलबद्दल नेमकं काय लिहिलंय ते वाचा. अर्ज मुख्याध्यापकांच्या नावानं, दोन प्रतींत. एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन यायचं. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते.

अर्जात ‘बाईंवर कारवाई करा’ हे पहिलं वाक्य नको. त्यानं सगळा स्टाफ एक होतो. पद्धत मागा: संशयाचं कारण नोंदवहीत, मुलीसाठी शिक्षिका, सोबत आणखी एक मोठं माणूस, वेगळी खोली, दप्तर मुलानंच उघडायचं, अंगाला हात नाही. मोबाईल सापडला तर बंद करून पाकिटात घालायचा, पाकिटावर नाव-तारीख, आणि पालक आल्यावर परत द्यायचा. या मुलीच्या शाळेनं पाकिटाची पद्धत लगेच मानली. नोंदवहीला मात्र खळखळ केली.

सोबत चार कार्यकर्ते नेऊ नका, आणि प्रकरण व्हॉट्सअॅपवर मुळीच टाकू नका. त्यात मुलाचीच ओळख उघडी पडते. दाद लागली नाही तर माध्यमिक शाळेसाठी जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (माध्यमिक), महापालिकेच्या शाळेसाठी महापालिकेचा शिक्षण विभाग. कपडे काढायला लावले किंवा नको तिथे हात लावला, तर यातलं काहीच करत बसायचं नाही. थेट पोलीस ठाणं किंवा 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन. जुलै 2025 मध्ये शहापूरच्या एका शाळेत पाळीच्या संशयावरून मुलींची अशी तपासणी झाली, तेव्हा पोक्सोखाली, म्हणजे मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याखाली, गुन्हा दाखल झाला.

शाळेत परत पाठवताना पहिल्या दिवशी पूर्ण दिवसाचा हट्ट नको. हिला चित्रकलेच्या तासापासून सुरुवात करून दिली, बाकावर शेजारी तीच मैत्रीण. ‘मोबाईल नेला होता, परत मिळाला, विषय संपला’ हे वाक्य तिनं घरी मोठ्यानं दहा-बारा वेळा म्हणून पाहिलं, कारण पोरं विचारणारच. घरी जितके दिवस जास्त, तितकं वर्गाचं दार जड होतं.

आणि डूख धरण्याची भीती? ती अगदीच खोटी नाही. म्हणून पोच घेतलेली प्रत जपून ठेवा, गुण अचानक घसरले तर उत्तरपत्रिका बघायला मागा, आणि पालक सभेला दर वेळी जा. हिचे वडील आता कामाची पाळी बदलून घेतात आणि सभेत पहिल्या रांगेत बसतात.