घरोघरी न जाता ४७ लाखांचा आकडा आला कुठून?

तुमचा प्रश्न असा: २०२१ अखेर सरकारी आकडा ४ लाख ८१ हजार असताना जागतिक आरोग्य संघटनेने भारतातले कोरोनाचे बळी ४७ लाख कसे काढले? मोजायला तर कुणीच आलं नव्हतं.

मी सांख्यिकी शिकवतो, म्हणून आधी एक दुरुस्ती. ते 'कोरोनाचे बळी' नव्हेत, 'जादा मृत्यू' आहेत. २०२०-२१ मध्ये एकूण किती माणसं गेली, त्यातून साथ नसती तर किती गेली असती ते वजा करायचं. मग त्यात चाचणीच न झालेला रुग्ण येतो, लॉकडाउनमध्ये डायलिसिस चुकलेलाही येतो. रस्ते ओस असल्याने टळलेले अपघात उलट वजा होतात.

वजाबाकी चौथीतलं पोरही करील. भांडण आहे ते दोन्ही संख्यांवर.

'साथ नसती तर' ही संख्या मागच्या काही वर्षांचा कल पुढे ओढून काढतात. इथे भलेभले घसरतात. जर्मनीत २०१९ साली मृत्यू कमी झाले होते, त्यामुळे संघटनेने ओढलेली कलाची वक्ररेषा पुढे खालीच झुकली, 'साथ नसती तर'चे मृत्यू कमी धरले गेले आणि जादा मृत्यू निघाले १ लाख ९५ हजार. टीका झाल्यावर ते १ लाख २२ हजारांवर आणावे लागले. नोंदी चोख असलेल्या देशात ही गत!

आपल्याकडे पहिली संख्याच, म्हणजे एकूण मृत्यूंचीच, लंगडी. २०१९ मध्ये मृत्यू नोंदले गेले ७६ लाख, झाले असावेत ८३ लाख. गावाकडे मृत्यूचा दाखला काढतात तो सातबाऱ्यावर वारस लावायला, नाहीतर विम्यासाठी. जिच्या नावावर काहीच नाही अशा आजीची नोंद राहूनच जाते. शिवाय नोंदणी दरवर्षी सुधारतेय, त्यामुळे नोंदी वाढल्या म्हणजे तितके मृत्यू वाढले असंही नाही.

संघटनेला काही राज्यांच्याच महिनावार नोंदी मिळाल्या होत्या. त्यांवरून मॉडेलने देशाचा अंदाज बांधला. भारत सरकारचा आक्षेप या मॉडेलवरच होता. ४७ लाख हा त्यातला मधला आकडा, खरा पट्टा ३३ ते ६५ लाखांचा. बातम्यांनी पट्टा गाळला आणि आकडा तेवढा ठेवला.

मे २०२५ मध्ये सरकारच्याच २०२१ च्या नोंदी आल्या: १ कोटी २ लाख मृत्यू, आदल्या वर्षापेक्षा २१ लाख जास्त. त्याआधीच्या दोन वर्षांत ही वाढ सातएक आणि पाचएक लाखांची होती. दुसऱ्या लाटेच्याच वर्षी नोंदणीला एवढी शिस्त लागली, हे मला तरी पटत नाही.