"कोणतर माझा मोबाईल बघायलंय, मॅडम"

आपण मोबाईलवर काय शोधतो ते घरात कुणाला तरी कळतं, ही तक्रार समुपदेशनासाठी माझ्याकडे सुना घेऊन येतात, कॉलेजातली मुलं येतात, अलीकडे पुरुषही येतात. पुढची हकीकत एका सुनेची आहे. तिच्या परवानगीने लिहिते आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

रेणुकाच्या सासरचा सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे. कारखान्याचे हिशेब तीच बघते. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही, आणि त्यावरून घरात येताजाता बोलणी. सगळे झोपले की ती मोबाईलवर शोधायची. पाळी का लांबते, आयव्हीएफला खर्च किती, सारखं रडू का येतं. एकदा तिने पुण्यात अकाउंटंटची नोकरी मिळते का तेही पाहिलं. दुसऱ्याच दिवशी जेवताना दीर म्हणाला, "वहिनी, पुण्याला निघालाय म्हणं?"

तिने हे कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्याने मोबाईलमध्ये काहीतरी टाकलंय अशी तिची खात्री झाली. तिने नवी पेठेतल्या दुकानातून मोबाईल पूर्ण कोरा करून आणला, सिमही बदललं. आठवड्याभरात दिराच्या तोंडून पुन्हा तसंच काहीतरी आलं. मग तिने शोधणंच बंद केलं. झोप उडाली, आईशी बोलणं तुटक झालं. घरच्यांना वाटलं, हिला संशयाने पछाडलंय. नवरा तिला घेऊन आला तो हेच सांगत: "मॅडम, हिच्या डोक्यातला संशय तेवढा काढा."

कुणीतरी पाळत ठेवतंय असं सतत वाटणं हे आजाराचं लक्षण असू शकतं, हे मला माहीत आहे. पण ज्या माणसाची गोष्ट खरोखरच बाहेर फुटते आहे त्याला "तुला भास होतो" असं सांगणं हा अन्याय आहे. म्हणून मी आधी यंत्राची चौकशी करते, मग मनाची.

मी तिला विचारलं, दिराला नेमकं काय काय कळलं? तिने आठवून सांगितलं. त्यात आईशी झालेलं फोनवरचं बोलणं नव्हतं, व्हॉट्सॲपचं काही नव्हतं. जे होतं ते सगळं ब्राउझरमध्ये टाइप केलेलं. मोबाईलमध्ये हेरगिरीचं ॲप असतं तर बाकीचंही बाहेर आलं असतं. "तुमचं हे खातं दुसऱ्या कुठल्या कॉम्प्युटरवर उघडलं होतं का?" यावर ती बराच वेळ आठवत राहिली. जीएसटी रिटर्नची 20 तारीख तोंडावर होती, सीएला बिलं पाठवायची होती, म्हणून तिने कारखान्याच्या ऑफिसात स्वतःचं जीमेल उघडलं होतं. समोर काहीतरी चौकट आली, घाईत तिने 'हो' दाबलं.

ती चौकट सिंकची होती. सिंक चालू असलं की एका खात्याने जोडलेल्या सगळ्या यंत्रांवर हिस्ट्री, बुकमार्क, उघडे टॅब, साठवलेले पासवर्ड एकसारखे होतात. रात्री घरी मोबाईलवर शोधलेलं सकाळी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर हजर. दिराने तिथे वर 'पु' टाइप केलं की खाली पुण्यातली नोकरी सुचवलेली दिसायची. मोबाईल कोरा करूनही उपयोग झाला नाही, कारण तिने त्यात पुन्हा तेच खातं टाकलं होतं.

जीमेल उघडणं वेगळं आणि ब्राउझर आपल्या खात्याला जोडणं वेगळं, हा फरक भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. 2018 मध्ये गूगलच्या क्रोम ब्राउझरच्या 69 व्या आवृत्तीत जीमेल उघडताच ब्राउझरही साइन इन होऊ लागला. सिंकसाठी तेव्हाही वेगळी संमती लागायची, तरीही खूप टीका झाली आणि पुढच्याच आवृत्तीत ते बंद करायची सोय द्यावी लागली.

पुढचं काम सोपं होतं, फक्त क्रम महत्त्वाचा. सिंक चालू असताना एका ठिकाणी हिस्ट्री पुसली तर ती सगळीकडून पुसली जाते, आणि नुसतं दुरून साइन आउट केलं तर आधी उतरलेली माहिती त्या कॉम्प्युटरवर राहू शकते. म्हणून ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून तिचं प्रोफाइलच, म्हणजे ब्राउझरमधला तिच्या खात्याचा कप्पाच, काढून टाकला. मग पासवर्ड बदलला, दोन टप्प्यांची पडताळणी सुरू केली, खात्याच्या सुरक्षा पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी तपासली. मोबाईलवरच्या सिंकला वेगळा सांकेतिक शब्द लावला. तो लावल्यावर सिंक झालेली हिस्ट्री आणि पासवर्ड गूगललाही वाचता येत नाहीत. फायरफॉक्स या दुसऱ्या ब्राउझरमध्ये सिंकची माहिती अशी कुलूपबंद करणं (एन्क्रिप्शन) मुळातच असतं.

एका कॉम्प्युटरवर प्रत्येकाचं वेगळं प्रोफाइल केलं की झालं, असंही समजू नका. प्रोफाइल म्हणजे नावं लिहिलेले पण कुलूप नसलेले कपाटाचे खण. एका क्लिकवर दुसऱ्याचं उघडतं. कुलूप हवं असेल तर विंडोजमध्येच पासवर्डसह वेगळा युजर करावा लागतो. गुप्त मोडही (इन्कॉग्निटो) त्या यंत्रावरची हिस्ट्री तेवढी टाळतो. वेबसाइटला तुम्ही दिसताच.

अवघड होतं ते नवऱ्याशी बोलणं. तो म्हणाला, "लपवण्यासारखं काही नसेल तर भ्यायचं कशाला? नवरा-बायकोत कसलं आलंय खाजगी?" हा प्रश्न मी नेहमी ऐकते आणि दर वेळी तितक्याच गांभीर्याने घेते. मी त्याला विचारलं, रडू का येतं हे तिने गूगलला विचारलं, तुम्हाला का नाही विचारलं? तो गप्प झाला. तिने पाप लपवलं नव्हतं. ज्या प्रश्नाचं उत्तर स्वतःलाच मिळालेलं नाही तो चारचौघांत नेण्याआधी एकट्याने विचारून पाहायची जागा तिला हवी होती. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमताने गोपनीयता हा मूलभूत हक्क मानला. तो खटला नागरिक आणि सरकार यांच्यातला होता, पण माणसाला एकांत लागतो हे घरातही तितकंच खरं आहे. दिराशीही बोलले. पहिल्यांदा दिसलं तो अपघात होता. त्यानंतर मुद्दाम हिस्ट्री उघडून पाहिली, ती त्याची चूक होती, आणि त्याने ती वहिनीसमोर कबूल केली.

रेणुकाच्या घरात मारहाण नव्हती, धमकी नव्हती, म्हणून आम्ही लगेच सगळं बदलू शकलो. जिथे जोडीदार खरोखर पाळत ठेवतो तिथे एकदम साइन आउट करू नका. पासवर्ड बदलल्याची सूचना त्याच्याकडेही जाऊ शकते आणि त्रास वाढू शकतो. आधी विश्वासातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवरून 181 या महिला हेल्पलाइनशी बोला. मन फार खचलं असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आहे.

रेणुकाची झोप परत आली आहे. काही टाइप करताना ती अजून थबकते, त्यावर आमचं काम चालू आहे. मधल्या काळात नवरा-बायको मिळून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन आले, आणि आता तपासण्या दोघांच्याही होत आहेत.