धाकटा भाऊ थोरला दिसू लागला

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला डाउन सिंड्रोम आहे. तो ३६ वर्षांचा, मी ४१ ची. दोन वर्षांत त्याचे केस पिकले, विरळ झाले. हातपाय खरखरीत आणि ओठांचे कोपरे सतत फाटलेले. दिवसाही बसल्या जागी डुलक्या घेतो. परवा एका बाईंनी त्याला माझा मोठा भाऊ समजलं, फार लागलं मनाला. सुरकुत्यांवरचं क्रीम सुरू करू का?

उत्तर : ताई, आत्ता तरी क्रीम नको. अशा बऱ्याच क्रीममध्ये रेटिनॉइड, म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वाच्या जातीचं औषध असतं. कोरड्या कातडीची त्यानं आग होते, साल निघते, आणि चुरचुरतंय हे तो शब्दांत सांगेलच असं नाही. खाजवत बसेल, चिडेल.

आधी थायरॉइडची रक्ततपासणी करा. डाउन सिंड्रोममध्ये थायरॉइड मंदावणं फार आढळतं. कोरडी त्वचा, विरळ केस, सुस्ती ही सगळी त्याचीही लक्षणं आहेत. ‘अशा मुलांचं असंच असतं’ हे वाक्य मी दवाखान्यात इतक्यांदा ऐकते, आणि दरवेळी मला त्याचा राग येतो. रोजच्या एका गोळीनं आटोक्यात येणारं दुखणं त्या वाक्याआड वर्षानुवर्षं दडून राहतं. तपासणी दरवर्षी व्हायला हवी, यंदा ठीक निघाली तरी.

वय लवकर दिसतं, हेही खरं आहे. डाउन सिंड्रोममध्ये २१ व्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात आणि एसओडी-१ हे जनुक त्याच गुणसूत्रावर आहे. त्याचं एंझाइम जास्त तयार होतं, पेशींमधला ऑक्सिडेशनचा, म्हणजे ऑक्सिजनमुळे होणाऱ्या झिजेचा तोल ढळतो. २०१५ च्या एका अभ्यासात डीएनएवरच्या रासायनिक खुणांवरून रक्त आणि मेंदूचं वय मोजलं, ते खऱ्या वयाच्या सरासरी ६.६ वर्षं पुढे निघालं. तुमच्या सांभाळण्यात काही कमी पडलं म्हणून हे झालेलं नाही.

हात लावण्याजोगी गोष्ट आहे कोरडेपणा. कोमट पाणी, सौम्य साबण, अंघोळ थोडक्यात. अंग टिपून ते ओलसर असतानाच दाट मॉइश्चरायझर लावायचं, आणि शक्यतो त्यालाच लावू द्या, आरशासमोर उभं राहून. बाहेर पडताना एसपीएफ ३० चं सनस्क्रीन. ओठांच्या कोपऱ्यांत लाळ साचून बुरशी धरते, म्हणून तिथे व्हॅसलीन लावत राहा. आठवडाभरात भरले नाहीत तर डॉक्टरांना दाखवा, बुरशीवरचं मलम लागेल.

रात्री खाज वाढते का, बोटांच्या बेचक्यांत पापुद्रे आहेत का, तेही नीट बघा. डाउन सिंड्रोममध्ये खरूज कधीकधी जाड पापुद्र्यांची होते आणि कोरडी कातडी समजून राहून जाते.

तो घोरतो का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. झोपेत श्वास अडकणंही या मंडळींत खूप आढळतं आणि मग दिवसा डुलक्या येतात. दोन रात्री जागून ऐका आणि रक्ततपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांना सांगा.