खऱ्या वाफेवर चालणाऱ्या मोठ्या मॉडेल इंजिनांत एवढे कौतुक करण्यासारखे काय असते?

आपला प्रश्न असा आहे की, सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या, यंत्रावर कोणताही भाग हुबेहूब करून मिळत असताना, माणूस मागे बसून चालवू शकेल अशा वाफेच्या मॉडेल इंजिनासाठी लोक दहा-बारा वर्षे का घालवतात, आणि त्यातली कारागिरी पाहणाऱ्याने ओळखायची कशी. मी नागपूरला हिंगणा एमआयडीसीतील एका कारखान्याच्या टूलरूममध्ये 31 वर्षे टर्नर होतो. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने निवृत्तीनंतर 5 इंची गेजचे (दोन रुळांमधले अंतर 5 इंच) असे इंजिन करायला घेतले आणि त्याच्या बॉयलरच्या कामात मी हाताखाली होतो, म्हणून हे उत्तर लिहीत आहे.

लोखंड आणि पितळ हव्या त्या मापात लहान करता येते, पण आग आणि पाणी लहान करता येत नाही. या कामाची सगळी गोडी इथेच आहे. परदेशात 7¼ इंची गेज लोकप्रिय आहे. 4 फूट 8½ इंची रुळांवरचे इंजिन त्या गेजवर आणले, तर ते सुमारे एक अष्टमांश होते. लांबी आठ पटींनी घटली की पृष्ठभाग 64 पटींनी आणि घनफळ 512 पटींनी घटते, म्हणून शंभर टनांचे इंजिन दोनशे किलोच्या आसपास येते. परंतु पाणी कमी आणि ते निवण्यासाठी पृष्ठभाग त्या मानाने जास्त, असा उलटा हिशोब बॉयलरच्या वाट्याला येतो. मूळ बॉयलरमधील, आगीचा गरम धूर वाहून नेणारी दोन इंची नळी प्रमाणात लहान केली, तर ती पाव इंचाची होईल, काजळीने लवकर चोंदेल आणि आगीला ओढ मिळणार नाही. म्हणून जाणता कारागीर नळ्यांची संख्या कमी करून त्यांचा व्यास वाढवतो. पाण्याची पातळी दाखवणारी काचनळीसुद्धा तो प्रमाणापेक्षा जाड ठेवतो, कारण फार बारीक नळीत पाणी काचेला धरून राहते आणि खोटी पातळी दाखवते. बाहेरून इंजिन मूळ इंजिनासारखेच दिसले पाहिजे आणि आत मात्र त्याने स्वतंत्र विचार केलेला असला पाहिजे. हा विचार यंत्र करून देत नाही. सीएनसीविषयी माझी काहीच तक्रार नाही. चाके आणि रॉड त्यावर उत्तमच होतात.

आता बॉयलरविषयी थोडे सविस्तर सांगतो. अशा मॉडेलात तो बहुधा तांब्याचा असतो. पत्र्याच्या कडा साच्यावर ठोकून वळवाव्या लागतात. ठोकताना तांबे कडक होते, म्हणून पुन्हा लालसर तापवून मऊ करायचे आणि पुन्हा ठोकायचे, असे एकेका कडेसाठी अनेकदा करावे लागते. त्यानंतर चांदीच्या मिश्रधातूने झाळकाम, म्हणजे तो वितळवून सांधे जोडणे. तांबे उष्णता इतकी पळवते की नुसता सांधा तापवून भागत नाही, अख्खा बॉयलर साडेसहाशे अंशांच्या जवळ न्यावा लागतो. आम्ही जानेवारीतल्या एका सकाळी ते केले: एक मोठा टॉर्च सबंध अंग गरम ठेवण्यासाठी माझ्या हातात, दुसरा सांध्यावर त्याच्या हातात. फ्लक्स (सांधा स्वच्छ ठेवणारे रसायन) वितळलेल्या काचेसारखा पातळ झाला आणि झाळाची सळई टेकवताच चांदी सगळ्या सांध्याभोवती एका क्षणात धावली. ते दृश्य मी विसरलेलो नाही.

चालवायचा दाब दर चौरस इंचाला 80 पौंड ठरला होता, म्हणून थंड पाणी भरून हातपंपाने दुप्पट, म्हणजे 160 पौंडांपर्यंत चाचणी घेतली. पाणी दाबाखाली जवळजवळ आकसत नाही, त्यामुळे काही फुटलेच तरी स्फोट होत नाही. या चाचणीत हवा कधीही वापरू नये. एका स्टेच्या (बॉयलरच्या पत्र्यांना आधार देणाऱ्या दांडीच्या) डोक्याशी मोहरीएवढा थेंब उभा राहिला. वरून तो सांधा सगळ्यांत सुबक दिसत होता, पण त्याखाली फ्लक्स अडकून राहिला होता. सहकाऱ्याने तो साफ करून बॉयलर पुन्हा तापवला, पुन्हा झाळला आणि चाचणी पहिल्यापासून घेतली. असे सांधे पुढे आवरणाखाली झाकले जातात आणि ते कुणालाही दिसत नाहीत.

मग आपण बाहेरून काय पाहावे? रंगाकडे शेवटी पाहा. आधी इंजिन सावकाश चालवायला सांगा आणि साइड रॉडवर, म्हणजे चाके एकमेकांना जोडणाऱ्या दांड्यांवर, नजर ठेवा. दोन्ही बाजूंचे क्रँक एकमेकांशी नव्वद अंशांत असतात आणि प्रत्येक आसावर तो कोन तंतोतंत सारखा नसेल, तर रॉड फेऱ्यात एका जागी अडखळतात. मूळ यंत्रे जवळून पाहायची असतील, तर नागपूरच्या मोतीबागेतल्या नॅरोगेज (अरुंद रुळांच्या) रेल्वे संग्रहालयात जाऊन चाके, क्रँक आणि रॉड निवांत न्याहाळावेत. तिथली बरीच इंजिने 762 मिलिमीटर गेजची आहेत. त्याच 7¼ इंची रुळांवर त्यांचे मॉडेल जवळजवळ एक चतुर्थांश आकाराचे होईल, म्हणजे मोठ्या गेजच्या इंजिनाच्या मॉडेलपेक्षा ऐसपैस आणि आत हात घालायला सोयीचे.

त्यानंतर डोळे मिटून ऐका. दोन सिलिंडरांच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्यात वापरलेली वाफ बाहेर पडण्याचे चार ठोके पडतात आणि ते चारही सारखे पडले पाहिजेत. सहकाऱ्याचे इंजिन आम्ही प्रथम ठोकळ्यांवर उचलून कॉम्प्रेसरच्या हवेवर फिरवले, तेव्हा उजव्या बाजूचा एक ठोका जड आणि दुसरा हलका येत होता. त्याने स्टीम चेस्टचे, म्हणजे वाफ सोडणारा व्हॉल्व्ह ज्यात असतो त्या पेटीचे, झाकण काढले, व्हॉल्व्ह सरकवणाऱ्या दांडीवरचा नट अर्धा आटा फिरवला आणि झाकण बसवून पुन्हा हवा सोडली. त्यानंतर आम्ही दोघे बराच वेळ काही न बोलता ते सारखे पडणारे चार ठोके ऐकत बसलो होतो.