पाटीवर अपॉस्ट्रॉफी कुठे द्यायची?

प्रश्न : वेंगुर्ल्यात राहत्या घरातच होमस्टे सुरू करतोय. आडनाव फर्नांडिस. इंग्रजी पाटीवर ‘फर्नांडिस यांचं घर’ असं हवंय. पेंटर म्हणतो, शेवटच्या एसच्या आधी अपॉस्ट्रॉफी (अक्षराच्या डोक्याशी येणारं स्वल्पविरामासारखं चिन्ह) टाकू. चालेल का, बाई?

उत्तर : नाही, त्याला आजच थांबवा! तसं केलं तर तुमचं आडनाव ‘फर्नांडे’ होईल, आणि कुणाचं नाव असं मोडलेलं मला मुळीच खपत नाही. आधी नाव पूर्ण, एससकट. चिन्ह त्यानंतरच.

पुढे आणखी एक एस लावावा का? इंग्रजीत दोन्ही रीती आहेत. शिकागो मॅन्युअल हे लेखनशैलीचं पुस्तक लावायला सांगतं, असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची शैली लावत नाही. लंडनच्या सेंट जेम्सेस पार्कच्या नावात तो जादा एस आहे, न्यूकासलच्या फुटबॉल मैदानाचं नावही सेंट जेम्सवरूनच आहे, पण त्यात तो नाही. मी लावते, कारण बोलताना ‘फर्नांडिसेस’ असाच उच्चार होतो.

मात्र घर सगळ्या कुटुंबाचं म्हणायचं असेल, तर आधी नावाला ईएस जोडून अनेकवचन करा आणि चिन्ह अगदी शेवटी द्या. शेजारच्या गोम्स, डायस यांनाही हेच लागू. जी रीत धराल तीच पाटीवर, बिलबुकावर आणि थाळीच्या मेनूकार्डावर ठेवा.