चौथा ॲक्सिस राहू द्या, आधी त्या पॉलिसीचं बोलू

पत्र थोडक्यात: वय ३९. शिरोली एमआयडीसीत टूलरूममध्ये नोकरी, हातात पगार ३८,०००. अकरा महिन्यांपूर्वी ८ लाखांचं कर्ज काढून घरामागच्या शेडमध्ये छोटं सीएनसी मिलिंग मशीन (संगणकाच्या प्रोग्रॅमवर धातू कापणारं) बसवलं. संध्याकाळी तीन तास जॉबवर्क (गिऱ्हाइकांचे सुटे भाग बनवून देणं) करतो, दर तासाला ३५०. घरखर्च २८,०००, कर्जाचा हप्ता १७,४००. घरात पत्नी आणि दोन मुली. शिल्लक दीड लाख. त्यातून १ लाख ४० हजारांचा चौथा ॲक्सिस (कापताना जॉब फिरवणारं जादा उपकरण) घेऊ, की विक्रेता देतोय तो ७० हजारांचा टूलिंगचा (कापायची टूल आणि ती धरायची साधनं) पूर्ण सेट? पाडव्याला नोकरी सोडायचा विचार आहे.

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त खटकलेलं वाक्य अगदी शेवटी आहे. 'कर्ज मंजूर व्हावं म्हणून एक पॉलिसी घ्यावी लागली, वर्षाला ९६,०००, दहा वर्षं, दुसरा हप्ता पुढच्या महिन्यात आहे.' मशीन साडेसहा लाखांचं, वायरिंग आणि स्टॅबिलायझर धरून सात लाख. म्हणजे पॉलिसीचा पहिला हप्ता कर्जातूनच गेला. ११ टक्के व्याजाने पाच वर्षांत तो तुम्हाला सव्वा लाखाला पडणार.

कर्जासाठी अशी पॉलिसी घेणं सक्तीचं नसतं. तुम्हाला खोटं सांगितलं गेलं आणि याचा मला मनापासून संताप येतो. दहा वर्षांत ९ लाख ६० हजार भरायचे आणि विसाव्या वर्षी साडेसतरा लाख घ्यायचे, हा परतावा जेमतेम चार टक्के. त्यात विमा किती? ९ लाख ६० हजार. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं, तर पावणेसात लाखांचं कर्ज फेडून पत्नीच्या हातात पावणेतीन-तीन लाख उरतील. घरखर्चाचे दहा महिने. पुढे दोन मुलींचं कोण बघणार?

म्हणून आधी एक कोटीचा साधा मुदत विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) घ्या. तुमच्या वयाला वर्षाकाठी वीस हजारांच्या आसपास पडेल. त्याचं पत्र हातात आल्याशिवाय जुन्या पॉलिसीला हात लावू नका. वार्षिक हप्त्याला तारखेनंतरही ३० दिवसांची सवलत असते, तेवढ्यात हे काम होतं. मग कंपनीकडून आज बंद केल्यास किती मिळेल, याचा आकडा लेखी मागवा. मिळेल ते घ्या. अगदी काहीच मिळालं नाही तरी पुढचे ८ लाख ६४ हजार वाचतात. 'कर्जासाठी सक्तीने विकली' अशी लेखी तक्रारही विमा कंपनीकडे करा. महिन्याभरात समाधान झालं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारे अधिकारी) जा, तिथे पैसे लागत नाहीत.

आता कमाई. रोज तीन तास म्हणजे महिन्याला ७५. त्यातला जवळजवळ निम्मा वेळ सेटिंग, प्रोग्रॅम आणि मोजमापात जातो. पैसे मिळतात ते ४० तासांचे, १४,०००. वीज आणि टूल वजा जाता ११,०००. पगारात हे मिळवून हप्ता आणि घरखर्च काढला की ३,६०० उरतात. महिना आठ हजारांची ती पॉलिसी यात बसतच नाही. पूर्णवेळ केलंत तर १२० तास, ४२,०००. खर्च आणि हप्ता गेला की हातात पंधरा हजार. घरखर्च २८,०००. पाडव्याला नोकरी सोडू नका.

चौथा ॲक्सिस नको. त्याने तासाचा दर शंभरने वाढला तरी खर्च निघायला १,४०० तास लागतात. तुमच्या ४० तासांनी तीन वर्षं. एखादं गिऱ्हाईक दर महिन्याला तसेच जॉब द्यायला लागलं की बघू. तोवर तसा जॉब बाहेरून करून घ्या.

तो सेटही नको. सातपूरच्या एका कारखानदाराकडे मी असाच सेट पाहिला होता. त्यांनी कोलेटमध्ये (टूल पकडणारी चिरा असलेली नळी) अचूक मापाची गेज पिन धरली, लिव्हर डायल (बारीक फरक काट्याने दाखवणारं मापयंत्र) लावला आणि स्पिंडल, म्हणजे टूल फिरवणारा मशीनचा दांडा, हाताने फिरवलं. काटा चार घरं हलला. म्हणजे चार शतांश मिलिमीटर. सहा मिलिमीटरच्या एंडमिलला (कापायच्या टूलला) तेवढा रनआउट, म्हणजे फिरताना मध्यापासून ढळणं, मिळाला की एकाच धारेवर भार येतो आणि टूल अकाली जातं. सेटमधली निम्मी मापं तर तुम्ही कधी वापरणारही नाही.

मोजकं आणि चांगलं घ्या. आधी ग्राइंड केलेला व्हाइस (जॉब घट्ट धरणारा शिकंजा), कारण जॉब हलला तर पुढचं सगळं फुकट. मग लिव्हर डायल आणि मॅग्नेटिक स्टँड, पॅरलल (जॉबखाली ठेवायच्या समांतर पट्ट्या), क्लॅम्पिंग किट. कोलेट ६, ८, १० आणि १२ एवढेच, पण नावाजलेल्या कंपनीचे. दोन जादा होल्डर. कार्बाइड एंडमिल हातातल्या जॉबप्रमाणे, ॲल्युमिनियमला दोन-तीन धारांच्या, पोलादाला चार. हे ४५ हजारांत बसवा, तेही एकदम नाही. आधी व्हाइस आणि डायल, बाकीचं पुढच्या जॉबच्या पैशातून. दीड लाखाला जेवढा कमी हात लागेल तेवढं बरं, कारण पगार थांबला तर घरखर्च आणि हप्ता मिळून तीनच महिने निघतील एवढा तो पैसा आहे.

उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) नसेल तर करा, ती मोफत आहे. गिऱ्हाइकाशी लेखी करार असला तरी मालाचे पैसे ४५ दिवसांत मिळण्याचा कायदेशीर हक्क त्यातून येतो. तीन-तीन महिने बिलं अडकतात असं तुम्ही लिहिलंय, तिथे ते उपयोगी पडेल.

आणि पॉलिसीच्या हप्त्यासाठी खात्यातून आपोआप पैसे वळते करायची परवानगी दिलेली असणारच. ती याच आठवड्यात बँकेत लेखी अर्ज देऊन थांबवा आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या.